पंचफुलाची पोर

साक्षीचा प्लास्टर घातलेला हात उशीवर टेकवून सुनयनाने पाण्याचं भांडं तिच्या ओठांशी धरलं. पोर दोन घोट प्यायली आणि पुन्हा वॉर्डच्या दाराकडे पाहू लागली.

"कोनाची वाट पाहून राह्यली?"

"आबाची. डबा घेऊन येतो म्हने."

"हात कसा मोडला, मले पुन्हा सांगतं का?"

पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं साक्षी म्हणाली, "माळ्यावर कापूस भरला हाय. शिडीवरून पडली मी."

"अन् माय?"

"तेबी पडली."

"दोघी एकाच शिडीवरून?"

पोरीने खालचा ओठ दातांत धरला. तिला शिकवणाऱ्याने एवढंच शिकवलं होतं. पुढच्या प्रश्नाचं उत्तर शिकवायचं राहून गेलं होतं.

सुनयना जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात अधिकारी होती. तेलंगणातल्या भीमपूर मंडळातल्या टाकळखेड्याहून, पैनगंगेच्या काठच्या गावातून, आदल्या दिवशी हेल्पलाइनला फोन आला होता. फोन करणारे हर्षदीप सर तिथल्या शाळेत शिकवत. चौथीतली साक्षी शाळेत का आली नाही हे पाहायला ते घरी गेले, तर ती ओसरीत सुजलेला हात मांडीवर घेऊन बसलेली होती आणि तिची आई रुपा आत जमिनीवर पडलेली. सरांनीच दोघींना गाडीत घालून आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात आणलं. रुपाचा जबडा मोडला होता. दात तारेने बांधून तिला वरच्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डात ठेवलं होतं, बोलणं बंद. नवरा जीवन नदी ओलांडून महाराष्ट्रात पसार झाला होता. डॉक्टरांनी साक्षीच्या हाताचा एक्स-रे उजेडाला धरून सुनयनाला दाखवला होता. पडल्यावर हाड असं मोडत नाही, ते म्हणाले होते. वरून येणारा फटका हात आडवा धरून अडवला, तर असं मोडतं.

दाराशी कोणीतरी खाकरलं. मग आवाज आला.

"सिस्टर, येवढं काई नाई झालं. घरातलं हाय, घरातच मिटून जाईन."

भांडं सुनयनाच्या हातातून निसटलं. पाणी चादरीवर सांडलं. ती वाकून ते पुसू लागली आणि बराच वेळ पुसत राहिली. वर पाहायची तिची तयारी नव्हती. पाहायची गरजही नव्हती. तो आवाज तिच्या कानात ती सात वर्षांची असल्यापासून होता.

म्हातारा डबा घेऊन आत आला. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या, पायात पॉलिश केलेले काळे बूट. साक्षी आक्रसून उशीला टेकली, मग हसली, मग पुन्हा दाराकडे पाहू लागली; जणू त्याच्या मागून अजून कोणी येतंय का हे तिला पाहायचं होतं.

"मी माणिकराव. पोट्टीचा आबा. रिटायर हेड कॉन्स्टेबल," तो सुनयनाला म्हणाला. "तुमी चाइल्डवाल्या मॅडम का? बरं झालं भेटल्या. कायदा मले माहीत हाय. पोट्टी माह्या ताब्यात द्या, सही करतो, नेतो."

"तिकडं बाकावर बसा," सुनयना म्हणाली. "बोलावते."

तो बसला. तिने त्याला बोलावलं नाही. दुपारी डॉक्टर येऊन गेले, नर्स बदलल्या, बाकावरची माणसं उठून गेली आणि दुसरी आली. माणिकराव बसूनच होता. मधून मधून तो दाराकडे पाहायचा, घसा साफ करायचा, पुन्हा बसायचा. सुनयना साक्षीच्या खाटेजवळच्या खिडकीतून त्याला पाहत होती. तिच्या घशाखाली काहीतरी गोड उतरत होतं, आणि त्या गोडीची तिला लाज वाटत नव्हती.

तिची आई पंचफुला अशीच बसली होती. बाकावर नाही, पोलीस ठाण्याच्या फरशीवर. एका कानातून रक्त येत होतं आणि ते ती पदराच्या टोकाने टिपत होती. मुलगी शेजारी. जमादाराने पोरीला बिस्कीट दिलं. बोलावणं गेल्यावर बाप आला. जमादाराने त्याच्या डोक्यात हलकी टपली मारली, "बायकोवर हात उचलतं का बे?" म्हणाला. सगळे हसले, बापही हसला. मग जमादार पंचफुलाला म्हणाला, घरातलं हाय, घरातच मिटून जाईन. आणि पंचफुला उठली. एक शब्द बोलली नाही, हात जोडले नाहीत, रडली नाही. पोरीचा हात धरून नवऱ्याच्या मागे चालू लागली. पुढे थोड्याच दिवसांनी ती गावच्या विहिरीत सापडली. पाय घसरून पडली, असं लिहिलं गेलं. त्या रात्री घरात काय झालं हे सात वर्षांच्या पोरीने सगळं पाहिलं होतं, पण तिला कोणी विचारलं नाही. मामा बाबाराव येऊन तिला घेऊन गेला. बाप पुढे दारू पिऊन मेला, तेव्हा तिला काही वाटलं नाही. तिचा राग दोघांवरच राहिला होता. एक तो जमादार. दुसरी तिची आई, जी उठून चालायला लागली.

*

बालकल्याण समितीपुढे माणिकराव इस्त्रीचा शर्ट घालून आला. अध्यक्षबाई वयस्क होत्या, वकिली केलेल्या, शांत. त्याने त्यांच्याशी तेलुगूत बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला. पक्कं घर आहे. पेन्शन आहे. आजी घरी आहे. मुलगा सापडला की आपण स्वतः त्याला ठाण्यात नेऊन उभा करू. सून बरी होईपर्यंत नातीने अनाथासारखं बालसदनात का राहायचं?

"बरोबर आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मुलाला आधी त्याचं कुटुंब. सुनयना, तुमचं म्हणणं काय?"

"मॅडम, ती एकटीच साक्षीदार आहे. आईला बोलता येत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे जबाब व्हायचा आहे. ती त्या घरात गेली तर शिडीवरून पडले, एवढंच म्हणेल."

"हा तुमचा अंदाज झाला. आजोबांनी तिच्यावर कधी हात उचलला?"

"ते माहीत नाही, मॅडम."

"घर पाहून या. शेजाऱ्यांशी बोला, आजीशी बोला. सोमवारी ठरवू. तोवर मुलगी बालसदनात राहील." मग कागद बाजूला ठेवता ठेवता त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "या कुटुंबाशी तुमची ओळख, नातं, काही?"

"नाही, मॅडम," सुनयना म्हणाली.

ते खोटं तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की ती स्वतःच चकित झाली.

*

टाकळखेड्याच्या रस्त्यावर कापसाचे ट्रॅक्टर जिनिंगकडे चालले होते. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकून राहिले होते. ड्रायव्हर लखन काहीतरी सांगत होता; सुनयना हं हं करत होती. अहवालातलं वाक्य तिच्या डोक्यात तयार झालं होतं. आजोबा मुलीला मारहाण करतात, असे शेजाऱ्यांकडून समजते. कोण शेजारी, हे कोणी विचारत नाही. एवढं एक वाक्य पुरलं असतं. म्हाताऱ्याला नात मिळाली नसती, पोरीचा जबाब झाला असता, मुलगा आत गेला असता, आणि ज्या ठाण्यात याने नोकरी केली तिथल्या पोरांपुढे याला मान खाली घालून उभं राहावं लागलं असतं. वाक्य खोटं होतं की खरं, ते तिला माहीत नव्हतं. तिला त्याची पर्वाही वाटत नव्हती.

माणिकरावाने तिला सगळं घर फिरवून दाखवलं. फरशी, संडास, फ्रीज, साक्षीची पुस्तकं. मागच्या खोलीत माळ्यापर्यंत कापूस भरलेला होता आणि त्याला टेकवून शिडी.

"हे पाहा. याच पायरीवरून पडली," तो म्हणाला आणि शिडी हलवून दाखवली. "लेकरू हाय. सांगून ऐकते का?"

"आजीशी बोलायचं आहे. एकटीशी. तसा नियम आहे."

"तिले काय समजते? काय इचारायचं ते मले इचारा."

"नियम आहे," सुनयना पुन्हा म्हणाली.

त्याने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग ओसरीवर जाऊन बसला, आतलं ऐकू येईल असा.

बयनाबाई चुलीपाशी उभी होती. बारीक, हिरव्या लुगड्यातली, पदर कपाळापर्यंत. तिने सुनयनाकडे पाहिलं नाही. "पानी भरायचं हाय," असं ओसरीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली आणि मागच्या अंगणात जाऊन मोटर चालू केली. मोटर खडखडत सुरू झाली. टाकीत पाणी पडू लागलं. मग तिने खुणेने सुनयनाला टाकीजवळ बोलावलं.

"इचार आता. तिकडं ऐकू नाई जात."

"आबा साक्षीले मारतात का?"

"नाई. तिले कदी बोट नाई लावलं त्याईनं."

त्या क्षणी सुनयनाच्या लक्षात आलं की आपल्याला हो हवं होतं. पोरीला मार बसला असता तर आपल्याला बरं वाटलं असतं. तिने ओल्या टाकीच्या कडेला हात टेकवला.

"मग कोनाले मारतात?"

बयनाबाई पाण्याच्या धारेकडे पाहत होती. तिने डाव्या हातावरचा पदर मागे सारला. मनगटाच्या वर हाड बाहेरच्या बाजूला वाकून जुळलेलं होतं, दोरीला गाठ असावी तसं.

"आता नाई मारत. आता थकले. आता पोरगा मारते, हे बसून राह्यतात." तिने पदर पुन्हा हातावर ओढला. "तू कोनाची व बाई? बोलणं तर इकडचंच वाटते तुहं."

सुनयना कामावर असताना स्वतःचं कोणाला सांगत नसे. पण मोटर खडखडत होती आणि म्हातारी उत्तराची वाट पाहत होती.

"निंबगावच्या पंचफुलाची."

बयनाबाईने पहिल्यांदा मान वर करून तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"विहिरीतली?"

"हो."

"तू तिच्या मांडीपाशी बसली व्हती. बिस्कीट हातात धरून. खाल्लं नव्हतं तू." म्हातारी म्हणाली. "ठाण्याच्या मांगं आमचं क्वार्टर व्हतं. यायनं आवाज देला, दोन कप चहा आन म्हने. मीच आनला."

"मला तुम्ही आठवत नाही."

"कशी आठवन? पदर व्हता तोंडावर." तिने तोच हात पुढे केला. "आदल्याच दिवशी यायनं पाट्याचा वरवंटा फेकून मारला व्हता. हात हा असा सुजलेला. हळद लावून फडकं बांधलं व्हतं. कप द्याले मी हात पुढं केला, तं तुह्या मायनं हाताकडं पाह्यलं. मग माह्याकडं पाह्यलं. मग यायच्याकडं. कप तसाच खाली ठेवला, तुले धरलं अन् उठली."

टाकी भरली होती. पाणी काठावरून वाहून दोघींच्या पायांखाली येत होतं. मोटर बंद करायला कोणी हललं नाही.

सुनयनाने इतकी वर्षं त्या उठण्याचा राग केला होता. शाळेच्या वसतिगृहात, कॉलेजात, नोकरीच्या परीक्षेला बसताना. का उठली? का ओरडली नाही? त्या फरशीवर लोळण का घेतली नाही? आणि हे असं होतं. आईने नजरेने विचारायचं ते विचारलं होतं, आणि एका सुजलेल्या हाताने तिला उत्तर दिलं होतं.

"तुम्ही तिला काही बोलल्या नाहीत?"

"नाई बोलली," बयनाबाई म्हणाली. "रुपालेबी नाई बोलली काई. रोज ऐकत व्हती अन् भाकरी थापत व्हती."

"मोटर बंद कर वं!" ओसरीवरून माणिकराव ओरडला. "पानी वाहून राह्यलं."

तिने जाऊन मोटर बंद केली. परत येताना सुनयनाच्या अगदी जवळून गेली आणि तोंड न हलवता म्हणाली, "सोमवारी मले बोलाव. त्याईच्या समोर बोलाव."

*

बयनाबाई येईल यावर सुनयनाचा विश्वास नव्हता. पण सोमवारी माणिकराव स्वतःच तिला घेऊन आला. घर सांभाळायला आजी आहे हे दाखवायचं होतं त्याला. नवं लुगडं, कपाळाला कुंकू, हातात पिशवी. तो पुढे आणि ती दोन पावलं मागे.

खोलीत सगळे बसल्यावर सुनयना उभी राहिली.

"मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी या माणसाला ओळखते. लहानपणापासून. माझा अहवाल बाजूला ठेवा, दुसऱ्या कोणाला पाठवा, माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पण त्याआधी आजीचं ऐका."

माणिकरावाने चमकून तिच्याकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घालून तो तिचा चेहरा शोधत राहिला.

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्याशी नंतर बोलते," त्या म्हणाल्या. "बसा." मग बयनाबाईकडे वळून, सावकाश आणि मोडक्या मराठीत, "सांगा अम्मा."

"तिले घाबरल्यासारखं होते मोठ्या लोकाईपुढं," माणिकराव म्हणाला. "मी सांगतो."

"तुम्ही बाहेर बसा."

"नाई," बयनाबाई म्हणाली. "त्याईले बसू द्या इथंच."

तिने पदर कपाळावरून मागे सारला. आधी ती फार हळू बोलत होती. सुनयनाला तेलुगूत समजावून सांगावं लागत होतं. मग आवाज स्थिर झाला.

"शिडीचं काई नाई व्हतं. जेवण आलुनी झालं, मीठ कमी पडलं म्हून जीवननं रुपाले मारलं. पह्यले हातानं. मग फावड्याचा दांडा घेतला. रुपा खाली पडली, तरी मारून राह्यला. पोट्टी मधात गेली, हात असा वर केला तिनं." तिने आपला वाकडा हात वर करून दाखवला. "मी चुलीपाशी व्हती. हे खाटेवर बसून टीव्ही पाहून राह्यले व्हते. पोट्टी वरडली, तं यायनं टीव्हीचा आवाज वाढोला."

"बयने," माणिकराव म्हणाला.

"जीवन पळून गेल्यावर टीव्ही बंद केला यायनं. पोट्टीले जवळ घेतलं. डोक्यावरून हात फिरोला. अन् शिकोलं, शिडीवरून पडली म्हनजो. हात मोडेल, लेकरू कण्हून राह्यलं, अन् हे तिच्याकडून पाठ करून घेऊन राह्यले. बरोबर म्हटलं की शाब्बास म्हनत."

एका सदस्याने तोंडावर हात ठेवला.

"बयने, लोकं पाहून राह्यले," माणिकराव म्हणाला. आवाज चढला नव्हता, विनवणीचाही नव्हता. तिला शर्टाचं बटण लावायला सांगावं तसा होता. "चाल. घरी बोलू."

बयनाबाई त्याच्याकडे न पाहता अध्यक्षबाईंना म्हणाली, "मले घरी जायचं नाई. सरकारजवळ बुडीले राह्याले जागा असते का?"

जागा होती. बायकांसाठीच्या सखी केंद्रात काही दिवस राहता येतं, पुढचं पुढे पाहू, अध्यक्षबाई म्हणाल्या. साक्षी बालसदनातच राहील. आजोबांनी तिला भेटायचं नाही. जबाबाची तारीख आजच मागून घ्या. त्यांनी ठाण्याच्या सब-इन्स्पेक्टरला समोरच फोन लावला. जीवन अजून नदीपलीकडे कसा राहिला हे त्यांनी थंड आवाजात विचारलं. मग त्या सुनयनाला म्हणाल्या, "ही केस आजपासून तुमच्या कक्षातल्या शीतलकडे. तुम्ही लेखी खुलासा द्या."

"देते, मॅडम," सुनयना म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही.

बाहेर व्हरांड्यात माणिकराव तिची वाट पाहत उभा होता. त्याच्या ताठ पाठीत कुठेतरी बाक आला होता, पण बूट चकाकत होते.

"मॅडम, तुमी माह्यं घर मोडलं," तो म्हणाला. "मी तुमचं काय वाकडं केलं? ओळखतो म्हनल्या तुमी. मले तं ध्यानात येत नाई."

या क्षणाची सुनयनाने मनात किती रूपं पाहिली होती. कधी ती वर्दीत असायची, कधी तो आजारी खाटेवर. प्रत्येक वेळी ती एकच नाव घ्यायची आणि त्याचा चेहरा राखेसारखा व्हायचा.

"पंचफुला," ती म्हणाली. "निंबगावची. ठाण्यात आली होती, कानातून रक्त येत होतं. तुम्ही घरी पाठवली. नंतर विहिरीत सापडली. मी तिची पोर."

माणिकरावाने खरोखर आठवण्याचा प्रयत्न केला. डोळे बारीक केले, दूर पाहिलं, ओठ हलवले. तिला दिसत होतं की तो नाटक करत नाही.

"अशा लई बाया यायच्या बाई," शेवटी तो म्हणाला. "कोनती म्हनू?"

तिच्या हाताची बोटं ओढणीच्या टोकाभोवती घट्ट गुंडाळली गेली आणि हळूहळू सुटली.

"आठवत बसा," ती म्हणाली. "एकेक करून आठवा. आता घरात कोणी नाही. बोलायला कोणी येणार नाही."

बयनाबाई शीतलसोबत पायऱ्या उतरत होती. त्याने हाक मारायला तोंड उघडलं, पण तिला नावाने हाक मारायची की आणखी कशाने, हे ठरत नसल्यासारखा तो तसाच उभा राहिला. खाली जीप उभी होती.

*

सखी केंद्राकडे जाण्याआधी बयनाबाईने दवाखान्यात न्यायला सांगितलं. "रुपाले सांगू दे," एवढंच म्हणाली. केस आता शीतलची होती, पण शीतल सुनयनाला म्हणाली, तू पण चल. म्हातारीला तुझीच ओळख आहे.

रुपा भिंतीला टेकून बसली होती. तोंडाभोवती सूज, ओठांच्या फटीतून तारा दिसत होत्या. सुनयनाने खाटेशेजारी बसून तिला सगळं सांगितलं. साक्षी सुरक्षित आहे, तिला कोणी नेऊ शकत नाही. तुमच्या सासूने समितीपुढे सगळं सांगितलं, आबांच्या तोंडावर. त्या आता घरी परत जाणार नाहीत. त्या तुम्हाला भेटायला आल्या आहेत.

रुपाने ऐकलं. साक्षीच्या नावाशी तिचे डोळे भरले. मग बयनाबाई पुढे आली आणि खाटेच्या कडेला उभी राहिली. काय बोलायचं हे तिने जीपमध्ये ठरवलं असावं, पण ते तिच्या तोंडून निघेना. तिने पिशवीतून केळी काढली, मग रुपाच्या तोंडाकडे पाहून पुन्हा पिशवीत ठेवली.

"पोट्टीसाठी सांगतलं म्या," शेवटी ती म्हणाली. "खरं खरं सांगतलं. उशीर झाला, पन सांगतलं."

रुपा तिच्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग आहे की काय आहे, सुनयनाला ओळखता येईना. तिने तशी नजर आधी पाहिली नव्हती. आरशात पाहिली असली तर माहीत नाही. मग रुपाने चादर खांद्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

बयनाबाई थोडा वेळ तिच्या पाठीकडे पाहत थांबली.

पलीकडच्या खाटेवर औषध देणारी नर्स वळून म्हणाली, "आजी, तुम्ही कोण त्यांच्या? पेशंटजवळ एकालाच राहता येतं."

बयनाबाईने रुपाकडे पाहिलं. रुपाची पाठ हलली नाही.

"कोनी नाई," म्हातारी म्हणाली. "या मॅडमसंगं आली."

तिने पिशवी उचलली आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. शीतलने सखी केंद्रात जेवणाची वेळ होईल म्हणून सांगितलं, पण ती उठेना. "तुमी जा बाई. तिले रात्री पानी लागते," ती म्हणाली. शीतलने सुनयनाकडे पाहिलं. सुनयनाने मान हलवून राहू दे म्हटलं.

जाण्याआधी सुनयना पुन्हा वॉर्डच्या दाराशी आली. आत दिवे लागले होते. रुपा अजून भिंतीकडे तोंड करून होती. मग तिने, कोणी पाहत नाही असं समजून, मान हळूच मागे वळवली आणि दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं.